बुद्धिबळ आणि इतर पटावरील खेळांसाठी सोबत नेता येईल असे घड्याळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळाचे घड्याळ म्हणजे नेमके काय? दोन साधे टायमर ठेवून तेच काम भागणार नाही का?

बुद्धिबळाच्या घड्याळात एकाच पेटीत दोन स्वतंत्र वेळा मोजल्या जातात आणि त्यांपैकी एका वेळी एकच चालू असते. खेळाडूने चाल करून आपल्या बाजूचा खटका दाबला की त्याची वेळ थांबते आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याची सुरू होते. दोन सुटे टायमर वापरल्यास एक थांबवून दुसरा सुरू करण्यात दर चालीला थोडा वेळ वाया जातो आणि तो कोणाच्या खात्यात मांडायचा यावरून वाद होतो. शिवाय कोणाची वेळ आधी संपली हे सुटे टायमर सांगू शकत नाहीत. डावाचा निकाल पुष्कळदा त्याच एका गोष्टीवर ठरत असल्यामुळे एकत्रित घड्याळाला पर्याय नाही.

स्पर्धेला स्वतःचे घड्याळ खरोखरच न्यावे लागते का?

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पट, मोहरे आणि घड्याळे संयोजकच पुरवतात. आपल्याकडच्या खुल्या, शालेय आणि एकदिवसीय जलद स्पर्धांच्या माहितीपत्रकात मात्र 'खेळाडूंनी पट व घड्याळ सोबत आणावे' अशी ओळ सर्रास आढळते. शेकडो खेळाडूंच्या स्पर्धेत निम्म्या टेबलांना पुरतील इतकी घड्याळेही अनेक संयोजकांकडे नसतात, त्यामुळे ही ओळ केवळ उपचार म्हणून छापलेली नसते. दोघांपैकी एकाकडेही घड्याळ नसेल तर तो डाव बिनघड्याळाचा सुरू होतो आणि पंच पुढे कुठून तरी घड्याळ मिळवून, उरलेली वेळ अंदाजाने विभागून ते टेबलावर ठेवतात. नियमित खेळणाऱ्या मुलाच्या पालकांनी स्पर्धांच्या दुसऱ्या मोसमापर्यंत थांबण्यापेक्षा आरंभीच घड्याळ घेणे सोयीचे ठरते.

'सोबत नेण्याजोगे' म्हणजे किती लहान असावे?

खरेदी करणारे बहुतेक जण हा प्रश्न सर्वांत आधी विचारतात, पण आमच्या मते तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर यायला हवा. खिशात मावणारी घड्याळे बाजारात आहेत. डीजीटी या डच कंपनीचे '९६०' नावाचे घड्याळ घडी घालून ठेवता येते आणि चेस९६० या प्रकारासाठी मागच्या रांगेतील मोहऱ्यांची यादृच्छिक मांडणीही सुचवते. प्रवासात, बागेत किंवा मित्रांबरोबर खेळताना अशी वस्तू मोठी गमतीची वाटते.

स्पर्धेतील टेबलावर गोष्ट वेगळी असते. शेवटच्या वीस सेकंदांत हात जोरात येतो आणि हलके घड्याळ सरकते, कधी पालथेही पडते. खटके लहान असतील तर बोट नेमके त्यावर पडेलच असे नाही. घड्याळ पाडणे किंवा उचलणे नियमबाह्य असल्यामुळे हलकेपणाची किंमत खेळाडूलाच मोजावी लागते. म्हणून वह्या-पुस्तकांच्या दप्तरात गुंडाळलेल्या पटाशेजारी सहज बसेल, तळाला रबराचे पाय असतील आणि दाबल्यावर जागचे हलणार नाही, इतपत आकार व वजन योग्य मानावे. दप्तरात मावणे पुरेसे आहे, खिशात मावण्याचा आग्रह नको.

आकारापेक्षा महत्त्वाचे असे काय पाहावे?

आपण ज्या वेळमर्यादेवर खेळतो ती वेळमर्यादा त्या घड्याळावर लावता येते का, हे पाहावे. आज जवळजवळ सर्व अधिकृत बुद्धिबळ 'इन्क्रिमेंट'वर, म्हणजे प्रत्येक चालीमागे मिळणाऱ्या वाढीव सेकंदांवर चालते. जागतिक जलद स्पर्धेत १५ मिनिटे आणि दर चालीला १० सेकंद, तर जागतिक अतिजलद स्पर्धेत ३ मिनिटे आणि दर चालीला २ सेकंद अशी वेळ असते. २०२५च्या जुलैत जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी कोनेरू हंपी यांना टायब्रेकमध्ये नमवले, तेही १५+१० याच वेळेच्या जलद डावांत. त्याच वर्षीच्या अखेरीस गोव्यात झालेल्या विश्वचषकात पारंपरिक, म्हणजे दीर्घ वेळेच्या, डावांसाठी पहिल्या ४० चालींना ९० मिनिटे, त्यानंतर आणखी ३० मिनिटे आणि पहिल्या चालीपासूनच दर चालीला ३० सेकंद अशी दोन टप्प्यांची वेळ होती.

यांवरून घड्याळाच्या तीन पायऱ्या लक्षात येतात. सर्वांत खालच्या पायरीवरची घड्याळे ठरावीक वेळ उलटी मोजतात आणि इन्क्रिमेंट देत नाहीत. डीजीटीचे १००१ हे मॉडेल या प्रकारातले आहे. अशी घड्याळे दिसायला आकर्षक आणि स्वस्त असल्यामुळे पहिली खरेदी अनेकदा याच पायरीवर होते आणि पहिल्याच अधिकृत स्पर्धेत ती निरुपयोगी ठरते. मधल्या पायरीवर एका टप्प्याची वेळ आणि इन्क्रिमेंट, दोन्ही मिळतात. जलद आणि अतिजलद खेळणाऱ्याला तेवढे पुरते. वरच्या पायरीवर अनेक टप्पे, चालींची मोजणी, वेळ संपताच पुढच्या टप्प्याची वेळ आपोआप जमा होणे आणि पंचाला डावाच्या मध्यावर वेळ दुरुस्त करता येणे, या सोयी असतात. मानांकनाच्या पारंपरिक स्पर्धा खेळायच्या असतील तर थेट याच पायरीवर जावे, मधली पायरी ही वर्षभरातच बदलावी लागणारी खरेदी ठरते.

इन्क्रिमेंटची कल्पना कोठून आली?

माजी जगज्जेते बॉबी फिशर यांनी १९८८ मध्ये अशा घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८९ मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात बोरिस स्पास्की यांच्याशी झालेल्या त्यांच्या सामन्यात असे घड्याळ वापरले गेले. सरळ जिंकलेल्या स्थितीतही, निव्वळ हात चालवण्याइतका वेळ उरला नाही म्हणून डाव हरावा लागू नये, हा त्यामागचा विचार होता. तो आता इतका रुजला आहे की इन्क्रिमेंटशिवायची वेळ आपल्याकडे प्रामुख्याने मैत्रीपूर्ण अतिजलद डावांतच दिसते.

इन्क्रिमेंट आणि डिले यांत फरक काय?

इन्क्रिमेंटमध्ये प्रत्येक चालीनंतर ठरलेले सेकंद खात्यात जमा होतात, त्यामुळे भराभर खेळणाऱ्याची वेळ वाढतही जाऊ शकते. डिलेमध्ये, म्हणजे विलंबाच्या पद्धतीत, वेळ कधीच वाढत नाही. अमेरिकी पद्धतीत घड्याळ आधी ठरलेले सेकंद थांबते आणि मगच मुख्य वेळ उतरू लागते. सोव्हिएत ग्रँडमास्टर डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत वेळ लगेच उतरते, पण चाल पूर्ण होताच वापरलेले सेकंद, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, परत मिळतात. हिशेब दोन्हींचा सारखाच येतो, पडद्यावर दिसते ते निराळे असते. विलंबाची पद्धत मुख्यतः अमेरिकेत रूढ आहे. तिथे खेळणाऱ्या मराठी कुटुंबांनी घड्याळ घेताना ही सोय जरूर तपासावी, भारतात खेळणाऱ्यांनी तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

इन्क्रिमेंट धरल्यास डावाला एकूण किती वेळ लागेल?

फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांत यासाठी ६० चालींचा हिशेब धरतात. १५+१० मध्ये एका खेळाडूला १५ मिनिटे अधिक ६०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटे मिळतात आणि दोघांचा मिळून डाव सुमारे ५० मिनिटांत आटोपतो. असा एकूण वेळ प्रत्येकी १० मिनिटे किंवा त्याहून कमी असेल तर डाव अतिजलद गणला जातो, १० पेक्षा जास्त पण ६० पेक्षा कमी असेल तर जलद. म्हणजे ३+२ हा डाव प्रत्येकी ५ मिनिटांचा ठरतो. फेऱ्यांचे वेळापत्रक आखणाऱ्यांनी हाच हिशेब वापरावा, मात्र शंभर चालींपर्यंत लांबणारा एखादा डाव प्रत्येक फेरीत असतोच हे गृहीत धरावे.

घरात काट्यांचे जुने घड्याळ आहे. ते चालेल का?

घरी खेळायला अवश्य चालेल. या घड्याळांचा वारसा मोठा आहे. १८६०च्या दशकात सामन्यांत वाळूची घड्याळे वापरली जात आणि १८८३च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांनी तयार केलेले, झुलत्या दांडीवर बसवलेल्या दोन घड्याळांचे यंत्र आले. पुढे दोन्ही तबकड्या एका पेटीत आल्या आणि त्यांवर छोटा लाल झेंडा बसला. मिनिटकाटा बाराकडे सरकताना झेंडा उचलतो आणि बारा वाजताच तो पडतो. 'झेंडा पडला' किंवा 'फ्लॅग पडला' हे आजही डिजिटल घड्याळांबद्दल म्हणतात ते त्यामुळेच.

काट्यांच्या घड्याळाला इन्क्रिमेंट देता येत नाही आणि शेवटच्या मिनिटात नेमके किती सेकंद उरले आहेत हे कळत नाही. दोन्ही बाजूंच्या चाव्या सारख्या भरलेल्या नसतील तर गतीतही फरक पडतो. वेळ लावण्याची रीत अशी की पहिली मुदत सहा वाजता संपेल असे काटे ठेवायचे: प्रत्येकी ५ मिनिटांसाठी पाच वाजून पंचावन्न मिनिटे. मुलांना उरलेला वेळ डोळ्यांनी 'दिसतो' म्हणून शिकवणीच्या पहिल्या वर्षात ही घड्याळे आम्हाला डिजिटलपेक्षा उजवी वाटतात, परंतु स्पर्धेसाठी आता नवीन विकत घेण्यात अर्थ नाही.

मोबाइलमधील अॅप असताना वेगळे घड्याळ कशाला?

घरी, गाडीत किंवा बागेत अॅप उत्तम चालते. चेस.कॉमचे घड्याळाचे अॅप विनामूल्य आहे, त्यात इन्क्रिमेंट लावता येते आणि दोघांसाठी दोन मोठे भाग पडद्यावर दिसतात. एखादी वेळमर्यादा आपल्याला मानवते का हे आजमावण्याचा हा बिनखर्चाचा मार्ग आहे, म्हणून घड्याळ घेण्याआधी काही दिवस अॅपवरच खेळून पाहावे असे आम्ही सुचवतो.

स्पर्धेत मात्र हा मार्ग बंद आहे. पंचांनी खास परवानगी दिल्याशिवाय खेळाच्या जागी इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधन जवळ बाळगण्यास फिडेच्या नियमांनी मनाई केली आहे आणि तसे साधन सापडल्यास डाव गमवावा लागतो. मधेच फोन येणे, पडदा विझणे, काचेवर जोरात हात पडणे या अडचणी आहेतच.

खटक्यांसाठी पट्टी असलेले घड्याळ घ्यावे की स्पर्शाचे?

दोन्ही बाजूंना डोलणारी एकच पट्टी असेल तर कोणाची वेळ चालू आहे हे पट्टीच्या झुकावावरून दुरूनही दिसते आणि दाबल्याचा स्पष्ट आवाज येतो. स्पर्शाने चालणाऱ्या खटक्यांत झिजणारा भाग नसतो, पण मग दिवा किंवा पडद्यावरील खूण ठळक हवी. फिडेच्या निकषांनुसार इलेक्ट्रॉनिक घड्याळाचे आकडे किमान ३ मीटरवरून वाचता यावेत आणि कोणाचे घड्याळ चालू आहे हे खेळाडूला किमान १० मीटरवरून कळावे. दुसऱ्या टेबलावरचा डाव पाहायला उठून गेलेल्या खेळाडूला परत केव्हा यायचे ते यामुळेच समजते. दुकानात उभे राहून ही कसोटी घेणे अगदी सोपे आहे, तरी ती क्वचितच कोणी घेतो. पडदा थोडा तिरका असावा, सपाट पडद्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडून आकडे पुसट होतात.

मग नेमके कोणते मॉडेल घ्यावे?

भारतात प्रामुख्याने दोन घराण्यांतली निवड असते. लीप या चिनी कंपनीची घड्याळे, विशेषतः पीक्यू९९०७एस हे मॉडेल, स्पर्धांच्या सभागृहांत मोठ्या संख्येने दिसतात. त्यांत इन्क्रिमेंट आहे, किंमत आवाक्यातली आहे आणि एखादे अडखळले तर शेजारच्या टेबलावरचा खेळाडूही ते लावून देऊ शकतो. ही शेवटची गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते, पण फेरी सुरू होण्याच्या गडबडीत तिचे मोल फार असते. दुसऱ्या बाजूला डीजीटीचे २०१० आणि ३००० ही मॉडेल्स आहेत, त्यांची किंमत चिनी घड्याळाच्या काही पट असते. त्यांत अनेक टप्पे आणि अनेक पद्धती आधीपासून भरलेल्या असतात. ३००० हे मॉडेल इलेक्ट्रॉनिक पटाला जोडता येते, त्यामुळे डावांचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या संयोजकांना ते लागते. एकट्या खेळाडूला ती जोडणी कधीच वापरावी लागत नाही.

आमचा कौल असा आहे. जलद स्पर्धा खेळणाऱ्या शाळकरी मुलासाठी इन्क्रिमेंट असलेले साधे चिनी घड्याळ पुरेसे आहे. पारंपरिक मानांकन स्पर्धा नियमित खेळणाऱ्याने किंवा बुद्धिबळाखेरीज आणखी एखादा खेळ खेळणाऱ्याने डीजीटी २०१० सारखे घड्याळ घ्यावे.

सेल कोणते वापरावेत?

बहुतेक घड्याळांना बाजारात कुठेही मिळणारे पेन्सिल सेल लागतात आणि विशिष्ट आकाराचा बटन सेल मागणारे घड्याळ टाळणे हाच पहिला नियम, कारण तालुक्याच्या गावी रविवारी सकाळी तो मिळत नाही. साध्या स्वस्त सेलपेक्षा अल्कलाइन सेल घ्यावेत, ते गळण्याचा धोका कमी असतो. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा दाब थोडा कमी असल्यामुळे काही घड्याळे उगाचच सेल संपल्याची सूचना देतात. ही सूचना दिसताच घाबरून जाऊ नये. फिडेच्या निकषांनुसार सूचनेनंतरही घड्याळ किमान १० तास बिनचूक चालले पाहिजे, म्हणजे हातातला डाव पूर्ण होतोच. परीक्षांच्या काळात घड्याळ महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत.

पावसाळ्यात आणि प्रवासात काय काळजी घ्यावी?

कोकणात आणि मुंबईत दमटपणामुळे सेलच्या कप्प्यातील धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. घड्याळ बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुडीसह ठेवावे आणि थर दिसल्यास सेल काढून कोरड्या फडक्याने पुसावा. लोकलच्या गर्दीत दप्तर दाबले गेले की वर असलेला चालू-बंद खटका आपोआप दाबला जातो, म्हणून तळाशी सरकता खटका असलेले घड्याळ प्रवासाला बरे. पिशवीऐवजी कडक डबा असावा, जेवणाचा जुना चपटा डबाही चालतो.

स्क्रॅबलसाठी हेच घड्याळ चालेल का?

सर्वच चालत नाहीत. स्पर्धात्मक स्क्रॅबलमध्ये प्रत्येकी २५ मिनिटे असतात आणि वेळ संपल्यावर डाव थांबत नाही, जादा लागलेल्या दर मिनिटाला किंवा त्याच्या अंशाला १० गुण वजा होतात. म्हणून शून्यानंतर पुढे मोजत राहणारे घड्याळ लागते. बुद्धिबळाची अनेक घड्याळे शून्यावर गोठतात. शिवाय शब्दाला आव्हान दिल्यावर दोन्ही वेळा थांबवाव्या लागतात, तेव्हा विरामाचे बटण सहज हाताशी हवे. डीजीटी २०१० मध्ये स्क्रॅबलसाठी वेगळी पद्धत दिलेली आहे.

आणि गो या खेळासाठी?

गोमध्ये मुख्य वेळ संपल्यावर 'ब्योयोमी' सुरू होते. समजा ३० सेकंदांचे पाच हप्ते आहेत. चाल ३० सेकंदांच्या आत झाली तर हप्ता शाबूत राहतो, अन्यथा एक कमी होतो. कॅनेडियन प्रकारात ठरावीक मिनिटांत ठरावीक संख्येने खडे मांडायचे असतात. इन्क्रिमेंटच्या घड्याळावर यांची नक्कल करता येत नाही, त्यामुळे पद्धतींच्या यादीत ब्योयोमीचे नाव स्पष्टपणे असल्याशिवाय घड्याळ घेऊ नये.

तीन-चार जणांच्या खेळांचे काय?

दोन खटक्यांचे घड्याळ तिथे उपयोगी नाही. डीजीटीचा 'क्यूब' हा सहा जणांपर्यंत चालणारा ठोकळा आहे. जी बाजू वर, त्या खेळाडूची वेळ चालू. घरगुती खेळासाठी मात्र मोबाइलमधील बहुखेळाडू टायमर पुरेसा आहे.

दृष्टिहीन खेळाडूंसाठी वेगळी घड्याळे असतात का?

असतात, आणि फिडेच्या नियमांत त्यांची स्वतंत्र तरतूद आहे. काट्यांच्या प्रकारात मजबूत काटे असतात, दर पाच मिनिटांना एक व दर पंधरा मिनिटांना दोन उंचवट्याचे ठिपके असतात आणि झेंडा बोटांना जाणवेल असा बसवलेला असतो. बोलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक घड्याळात उरलेली वेळ इअरफोनमधून ऐकू येते. आपल्याकडे चारुदत्त जाधव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय दृष्टिहीन बुद्धिबळ महासंघामुळे अशा स्पर्धा नियमित होतात. डोळसांच्या स्पर्धेत दृष्टिहीन खेळाडूशी गाठ पडल्यास त्याच्या घड्याळावरच डाव खेळला जाण्याची शक्यता असते, तेव्हा डावाआधी ते समजून घ्यावे.

घड्याळ हाताळण्याचे कोणते नियम नवख्याला ठाऊक हवेत?

ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचे. चाल न करता घड्याळ दाबल्यास ती नियमबाह्य चाल समजली जाते. जोरात आपटणे, उचलणे, पाडणे निषिद्ध आहे. घड्याळ टेबलाच्या कोणत्या बाजूला असावे हे पंच ठरवतात, घड्याळ आपल्या मालकीचे असले तरी तो हक्क आपल्याकडे येत नाही. पंचांची मदत हवी असल्यास दोन्ही वेळा थांबवता येतात, म्हणून विरामाचे बटण कुठे आहे हे मालकाला पाठ असले पाहिजे. वेळ संपलेला खेळाडू सहसा हरतो, परंतु प्रतिस्पर्ध्याला कोणत्याही नियमबद्ध चालींनी मात करणेच शक्य नसेल, उदाहरणार्थ त्याच्याकडे एकटा राजा उरला असेल, तर डाव बरोबरीत सुटतो. घड्याळाला हे कळत नाही, ते फक्त शून्य दाखवते.

डाव चालू असताना घड्याळ बिघडले तर?

लगेच विराम देऊन पंचांना बोलवावे. शक्य असल्यास पडद्यावरचे दोन्ही आकडे प्रतिस्पर्ध्याच्या समक्ष चाली नोंदवण्याच्या कागदावर लिहून ठेवावेत. घड्याळ बदलून नव्यावर वेळ लावणे पंचांचे काम आहे आणि तिथे स्वतः बटणे दाबू लागणे हे वादाला निमंत्रण असते.

वापरलेले घड्याळ विकत घेताना काय तपासावे?

सेलचा कप्पा उघडून गंज पाहावा. मग दोन्ही बाजूंना ३+२ लावून खटका भराभर वीस-तीस वेळा दाबावा. प्रत्येक दाबाला बरोबर दोन सेकंद मिळाले पाहिजेत, एकही दाब वाया जाता कामा नये. खटका कडेला हलक्या बोटाने दाबूनही पाहावे, कारण झीज बहुधा कडेलाच असते. आकड्यांतील एखादी रेघ उमटत नसेल तर ८ चा ० किंवा ६ दिसू शकतो, तेव्हा वेगवेगळ्या वेळा लावून प्रत्येक आकड्याच्या सगळ्या रेघा उमटतात याची खात्री करावी.

क्लबसाठी दहा-वीस घड्याळे घ्यायची असल्यास?

सर्व एकाच मॉडेलची घ्यावीत, मग वेळ लावण्याची पद्धत सर्वांना एकदाच शिकावी लागते. ती मराठीत चार ओळींत लिहून प्रत्येक घड्याळाच्या तळाशी चिकटवावी. सभागृहात एकसारखी दिसणारी अनेक घड्याळे असतात आणि फेरीअखेर ती सहज अदलाबदल होतात, म्हणून प्रत्येकावर क्लबचे नाव व क्रमांक न पुसणाऱ्या शाईने घालावा आणि दोन घड्याळे कायम राखीव ठेवावीत.